मॅजिक अरीना: पावसाळा ते दिवाळी खेळल्यानंतर

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचं फुकट खेळता येणारं डिजिटल रूप म्हणजे अरीना. चित्रं सुंदर, वेग झकास, त्याबद्दल तक्रार नाही. नवख्याला घाम फोडतात ते कार्डांवरचे शब्द. इंग्रजी चांगलं असेल तर जरा जास्तच, कारण शब्द ओळखीचे वाटतात आणि खेळात मात्र प्रत्येकाला सातबाऱ्यावरच्या शब्दासारखा नेमका, कायदेशीर अर्थ असतो.

सगळ्यात मोठा घोळ क्रीचर (पटावर लढणाऱ्या प्राण्याचं किंवा योद्ध्याचं कार्ड) घालवण्याचा. 'डिस्ट्रॉय' (नष्ट करणं), 'सॅक्रिफाइस' (स्वतःच्याच क्रीचरचा बळी देणं), 'एक्झाइल' (खेळाबाहेर काढणं), तिन्हींत क्रीचर पटावरून जातं. पण 'डाइज' म्हणजे पटावरून ग्रेव्हयार्डात (बाद पत्त्यांच्या ढिगात) जाणं, त्यामुळे एक्झाइल झालेलं क्रीचर 'मेलं' असं धरतच नाहीत. 'इनडिस्ट्रक्टिबल' असलेलं क्रीचर डिस्ट्रॉय होत नाही, बाकी दोन्हींनी खुशाल जातं. 'हेक्सप्रूफ' त्याहून फसवं: ते फक्त प्रतिस्पर्ध्याच्या 'टार्गेट'पासून, म्हणजे नेमकं निवडून केलेल्या माऱ्यापासून, वाचवतं. 'रॅथ ऑफ गॉड' हे कार्ड सरसकट सगळी क्रीचर डिस्ट्रॉय करतं, त्यात टार्गेट हा शब्दच नाही. 'डायबॉलिक एडिक्ट' हे बळी द्यायला लावणारं कार्ड टार्गेट करतं ते खेळाडूला, आणि बळी कोणता द्यायचा हे तो खेळाडू ठरवतो. त्याच्याकडे एकच क्रीचर असेल तर हेक्सप्रूफ आणि इनडिस्ट्रक्टिबल दोन्ही असूनही ते गेलंच. एवढं डोक्यात बसलं की कोणतंही कार्ड वाचताना नजर आधी टार्गेट शोधते.

कार्डावरच्या कोलनकडेही (:) लक्ष ठेवा. डावीकडे मोजायची किंमत, उजवीकडे मिळणारा परिणाम.

'काउंटर'ने मात्र डोकं उठतं. समोरच्याचा स्पेल (त्याने खेळलेलं कार्ड) हाणून पाडणं हेही काउंटर आणि क्रीचरवरची +१/+१ खूण हेही काउंटर! १९९३ पासून चालू असलेल्या खेळाला दुसरा शब्द मिळू नये? एरवी बदल होतात की. 'मिल' (गड्डीच्या वरची कार्डं थेट ग्रेव्हयार्डात टाकणं) हा खेळाडूंचा बोलीतला शब्द, 'मिलस्टोन' कार्डावरून आलेला, २०२० मध्ये अधिकृत झाला. कार्ड खेळायला लागणाऱ्या मनाच्या (जादूशक्तीच्या) एकूण किमतीला 'कन्व्हर्टेड मना कॉस्ट' म्हणत, त्याचं २०२१ मध्ये 'मना व्हॅल्यू' झालं. म्हणून जुनं कागदी कार्ड हातात आलं तर त्यावर छापलेल्यापेक्षा सध्याचा अधिकृत मजकूर प्रमाण मानायचा.

अरीना यात अर्धी मदत करतं. टार्गेटकडे बाण दाखवतं, कार्ड मोठं केलं की कीवर्डचा खुलासा देतं, चुकीची चाल खेळूच देत नाही. ती का चुकीची, हे मात्र सांगत नाही. शिवाय प्रायॉरिटी (काही खेळायची आपली संधी) बऱ्याचदा परस्पर पुढे ढकलतं, त्यामुळे स्टॅक, म्हणजे खेळलेल्या स्पेलची शेवटचा आधी लागू होणारी रांग, कसा चालतो हे नीट कळत नाही. त्यासाठी 'फुल कंट्रोल' चालू करून खेळा. डाव रेंगाळतो, समोरचा वैतागतो, पण पाच-सहा डावांत स्टॅक उलगडतो.