‘तुमच्या संगणकात ४१७ धोके’ : अण्णांचे १४,७९९ रुपये कसे गेले

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माल आणि कारागीर अण्णा, म्हणजे माझे वडील, बघतात. हिशेब, जीएसटी आणि बँकेचं काम माझ्याकडे. स्पायवेअर, म्हणजे संगणकातली माहिती गुपचूप चोरणारे प्रोग्राम, काढून देतो म्हणून काही लोकांनी अण्णांकडून १४,७९९ रुपये उकळले. चाटी गल्लीतल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यालाही हुबेहूब तसाच फोन आल्याचं नंतर समजलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. असली नावं सतत बदलत असतात, पण पद्धत तीच राहते आणि ती ओळखता आली पाहिजे.

अण्णा ऑफिसच्या संगणकावर सुताचे भाव बघत होते. कुठल्याशा साइटने ‘अलाऊ’ दाबा म्हटलं, त्यांनी दाबलं. तेव्हापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल सूचना येऊ लागल्या: तुमचे बँकेचे पासवर्ड चोरीला जात आहेत, लगेच तपासा. त्या सूचना विंडोजच्या नव्हत्याच. त्या साइटला ब्राउझरमधून सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती, एवढंच. पण दिसायला अगदी विंडोजसारख्या. सूचनेवर क्लिक केलं की एक पान उघडायचं, त्यात सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोज संगणकाच्या मुख्य डिस्कची, तपासणी भराभर चालू असल्याचं दिसायचं आणि शेवटी आकडा: ४१७ धोके. खाली एका सॉफ्टवेअरची जाहिरात, वर्षाला २,९९९ रुपये. महिनाअखेर होती, पगार करायचे होते, खात्यात पैसे होते. अण्णांनी कार्डाने पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. हिंदीत, अतिशय अदबीने. ‘कंपनीच्या टेक्निकल डिपार्टमेंट’मधून बोलतोय म्हणाला. दूरवरून संगणक चालवायचं ॲप त्याने टाकायला लावलं आणि विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांची रांग दाखवली. ‘हे सगळे हॅकर, सर.’ इव्हेंट व्ह्यूअर ही संगणकाची रोजची नोंदवही आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे लाल खूण पडते, कोऱ्या संगणकातही पडते. हे अण्णांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग ‘तीन वर्षांचं संपूर्ण संरक्षण’ दहा हजार, वर जीएसटी अठराशे. अण्णांनी ११,८०० रुपये यूपीआयने पाठवले. त्या माणसाने जाता जाता विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, डिफेंडर, बंद केलं; दोन सॉफ्टवेअर भांडतात, असं कारण दिलं.

बिल नोंदवायला माझ्याकडे आलं तेव्हा मी थबकले. जीएसटीचे १,८०० वेगळे दाखवले होते, पण जीएसटी नंबरच नव्हता. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्याचा २७ ने सुरू होतो, परदेशातून ऑनलाइन सेवा विकणाऱ्याचा ९९ ने, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कुणालाही फुकट दिसतं. यूपीआयची पावती बघितली तर पैसे कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर गेले होते.

“अण्णा, हे नाव कुणाचं?”
“मला काय माहीत गं. तो म्हणाला, अकाउंट डिपार्टमेंटचं आहे.”

त्यानंतर ते सॉफ्टवेअर मी नीट तपासलं. ते तपासणीचं पान माझ्या मोबाइलवर उघडलं. तिथेही ‘सी ड्राइव्ह’ची तपासणी सुरू झाली आणि विंडोजच्या फायली सापडू लागल्या. अँड्रॉइड फोनमध्ये सी ड्राइव्ह असतोच कुठे? वेबपानाला तुमच्या डिस्कमध्ये शिरून फायली चाळता येत नाहीत, ब्राउझर ते करू देत नाही. म्हणजे ती तपासणी निव्वळ चित्रफीत होती.

मग धाकट्या भावाचा नवाकोरा लॅपटॉप घेतला. विंडोजचे अपडेट सोडले तर त्यात काहीही नव्हतं. तेच सॉफ्टवेअर चालवलं, तर शेकडो ‘गंभीर’ धोके. यादी उघडून एकेक ओळ वाचली. कुकीज, म्हणजे वेबसाइट तुमची ओळख ठेवायला ब्राउझरमध्ये जपते ती बारीक नोंद. तात्पुरत्या फायली. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, विंडोजने स्वतःच केलेल्या नोंदी. माग काढणाऱ्या कुकीजमुळे जाहिराती तुमच्या मागे लागतात हे खरं, पण ब्राउझरच्या सेटिंगमधून त्या एका मिनिटात पुसता येतात. बँकेचा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम त्या यादीत एकही नव्हता.

शेवटी उलट बाजूने पाहिलं. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल आहे. ती पाहिली की ओरडायचं, हे अँटीव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवलेलं आहे. ती अण्णांच्या संगणकावर ठेवली. व्हायरस आणि स्पायवेअर सगळं पकडतो म्हणणाऱ्या या सॉफ्टवेअरने पूर्ण तपासणी करून हिरवी खूण दिली. डिफेंडर परत चालू केलं, त्याने तत्क्षणी फाइल उचलली. (लॅपटॉप नंतर पूर्ण पुसून पुन्हा बसवला. घरातल्या कामाच्या संगणकावर कुणी असले प्रयोग करू नका.)

मला सगळ्यांना सांगायचंय ते हेच. धोक्यांचा आकडा जो मोजतो तोच औषध विकत असेल, तर त्या आकड्याला पुराव्याची किंमत द्यायची नाही. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे विकणाऱ्याच्या स्क्रीनवरून कधीच ठरवू नये. बाहेरचं कोण काय म्हणतंय ते बघा. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळा नियमितपणे खऱ्या व्हायरसवर सॉफ्टवेअर तपासतात आणि निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवतात. आमच्यावाल्याचं नाव तिथे कुठेच नव्हतं. डिफेंडर मात्र आहे, आणि गेली काही वर्षं एव्ही-टेस्टमध्ये त्याला वरचे गुण मिळत आलेत. ते विंडोज १० आणि ११ मध्ये फुकट येतं. मायक्रोसॉफ्टने २००४ साली एक अँटी-स्पायवेअर कंपनी विकत घेतली, त्यातूनच ते उभं राहिलं.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००८ मध्ये विनफिक्सर, एक्सपी अँटीव्हायरस असली बनावट सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं. दहा लाखांहून जास्त लोक फसले होते. २०१२ मध्ये त्यातल्या एका आरोपीवर कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा आदेश काढला. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी याच आयोगाशी तडजोड करून २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आरोप असा की विंडोजच्या नावाने खोट्या सूचना दाखवून लोकांना दुरुस्ती विकली. आणि मोठं नाव म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. अवास्टचं अँटीव्हायरस खरं आहे, व्हायरस पकडतं. पण ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल त्याच कंपनीवर २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची पाळी आली. म्हणून ‘माहिती कुणाला देतो’ हे पान खरेदीआधी वाचाच.

मग पैसे देऊन घ्यावं का? माझं मत सांगते. घरचा एक संगणक असेल, अपडेट वेळेवर होत असतील, तर गरज नाही. दुकानात पाच-सहा संगणक आहेत, कामगार पेनड्राइव्ह लावतात, अडचण आली तर मराठीत बोलणारं माणूस हवं, अशा वेळी प्रयोगशाळांच्या यादीतलं नावाजलेलं सॉफ्टवेअर जरूर घ्या. फक्त स्वतः कंपनीच्या साइटवर जाऊन किंवा नवी पेठेतल्या माहितीतल्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन. आपसूक नूतनीकरणाची खूण आधी काढा. अजून विंडोज १० वापरत असाल तर पहिला खर्च तिथे करा. त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. संगणकात खरंच काही शिरलं असेल अशी शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात.

आमचे पैसे परत आलेले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण तोवर यूपीआयची रक्कम त्या खात्यातून पुढे गेली होती. कार्डाच्या पैशांबद्दल बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकला. तरी लेखी अर्ज दिलाय. असं कुणाच्या बाबतीत झालं तर आधी संगणकाचं इंटरनेट तोडा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि लगेच १९३० लावा. पैसे पहिल्या खात्यातच असतील तर ते गोठवता येतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची सूचना पाठवायची परवानगी काढा, नाहीतर कोपऱ्यातली लाल खिडकी येतच राहते.

आणि आता नवा फोन येतो. कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत द्यायचेत, तेच ॲप पुन्हा टाका, असं सांगतात. एकदा दिलेला नंबर त्यांच्या यादीत राहतो. परवा अण्णांनी सरळ विचारलं, “परत द्यायचे तर कार्डावर टाका की, ॲप कशाला?” समोरच्याने फोन ठेवला. तो नंबर आम्ही सायबरच्या तक्रारीत जोडला आहे.