कंपनी फिटेड स्टिरिओवर ॲम्प आणि सबवूफर: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओला ॲम्प (आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर, पुढे नुसता सब) जोडलाय, तो सेटअप आवडलाय आणि काढणार नाहीये. पण बसवल्यानंतर सुरुवातीला जे काय चाललं होतं ते ऐकून भेटेल तो माणूस एकच सल्ला देत होता, ॲम्प खराब आहे, बदलून घे. आणि शेवटी ॲम्पला काहीच झालेलं नव्हतं. त्याला मिळणारा करंट आणि त्याला मिळणारा सिग्नल, गडबड या दोन ठिकाणी होती, आणि ती शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरला. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

सामान असं आहे. १० इंची सब, ड्युअल व्हॉइस कॉइल ४+४ ओहम (म्हणजे आत ४-४ ओहमच्या दोन कॉइल), सील्ड म्हणजे हवाबंद बॉक्समध्ये. मोनो क्लास डी ॲम्प, २ ओहमला ३०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद). स्टिरिओ गाडीसोबत आलेलाच, त्याला मागे आरसीए आउट (ॲम्पला सिग्नल द्यायचं सॉकेट) वगैरे काही नाही, म्हणून मागच्या दोन स्पीकरच्या वायरी टॅप करून ॲम्पच्या हाय लेव्हल इनपुटला दिल्यात. डॅशबोर्डची स्क्रीन, स्टीअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा सगळं त्या स्टिरिओशी बांधलेलं असतं त्यामुळे तो बदलायचा विचारच नव्हता. फिटिंग बाहेरून करून घेतलं होतं.

पहिली तक्रार म्हणजे सब मधेच बंद पडायचा. रात्री एसी चालू, हेडलाइट चालू, गाडी सिग्नलला उभी, आणि गाण्यात जरा जोरदार बेस आला की ॲम्पचा हिरवा लाइट लाल व्हायचा. प्रोटेक्ट मोड, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. स्टिरिओ बंद करून परत चालू केला की पुन्हा ठीक. हायवेला कधीच नाही, फक्त आयडलिंगला. इथेच खरं तर उत्तर होतं, कारण ॲम्प आतून गेला असता किंवा स्पीकरची वायर शॉर्ट असती तर त्याने गाडी चालतेय की उभी आहे हे बघितलं नसतं. तरी आधी सबच्या वायरी ॲम्पमधून काढून ओहम मोजून घेतले. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जे काही ०.२-०.३ दिसतं ते वजा करायचं, मग माझ्याकडे १.८ च्या आसपास आलं. ४ ओहमची कॉइल डीसीवर साडेतीनच्या आसपासच दाखवते, दोन पॅरलल म्हणजे हे बरोबर बसतं. ३.५ आलं असतं तर एकच कॉइल लागलीये असा अर्थ, सातच्या पुढे आलं असतं तर सिरीजमध्ये जोडलंय. आणि एखादी पिन सबच्या वायरला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावली तर मीटरने काहीही दाखवता कामा नये.

मग व्होल्टेज. ५० हर्ट्झचा टोन पेन ड्राइव्हवर टाकला, इंजिन चालू, एसी आणि लाइट चालू, आणि टोन जोरात लावून मोजलं. बॅटरीच्या टोकांवर १३.४, ॲम्पच्या टोकांवर १०.८! शिवाय मीटर सरासरी दाखवतो, गाण्यातला एखादा दणका बसतो तेव्हा त्याहूनही खाली जात असणार, आणि बरेचसे ॲम्प १० व्होल्टच्या आसपास आले की स्वतःला बंद करून घेतात. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे ते शोधायचं तर प्लस आणि मायनस वेगवेगळं मोजायचं, एक लांब वायर मीटरच्या पिनेला जोडून घेतली की बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पोहोचता येतं. बॅटरी प्लस ते ॲम्प प्लस ०.४ व्होल्ट. बॅटरी मायनस ते ॲम्प मायनस २.२ व्होल्ट. म्हणजे चोर अर्थिंगमध्ये, ॲम्पचा मायनस गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलाय तिथे.

अर्थिंगची वायर मागच्या सीट बेल्टच्या बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट काढून बघितलं तर लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खालचा रंग जवळजवळ जसाच्या तसा, फक्त एका कडेला नखाएवढी चंद्रकोर खरवडली जाऊन पत्रा दिसत होता आणि लग तेवढ्याच भागात काळी पडली होती. म्हणजे सगळा करंट त्या नखाएवढ्या जागेतून जात होता. २५ अँपिअरला २.२ व्होल्ट पडत असतील तर ५५ वॅट नुसती उष्णता झाली त्या एका बोल्टवर, आणि खरंच टोन लावून थोड्या वेळाने हात लावला होता तेव्हा चटका बसला होता. सीट बेल्टच्या बोल्टला मुळात हात लावूच नये, तो ठरावीक टॉर्कने घट्ट केलेला असतो, त्याच्या धाग्यांवर लॉकिंगचं लिक्विड असतं आणि अपघातात तुम्हाला तोच धरून ठेवणार असतो, तिथे वायर अडकवायची म्हणजे कमाल आहे. तो परत नीट बसवून घेतला. अर्थ बाजूच्या पत्र्यावर घेतली, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढला, स्टार वॉशर, नट-बोल्ट आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. वायरही आखूड केली, दीड फुटाच्या आत. ड्रिल मारण्याआधी खाली वाकून पलीकडे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचा पाइप नाहीये ना ते बघायचं, हे वेगळं सांगायला नको. परत मोजलं तर २.२ चे ०.०६ झाले. लाल लाइट तेव्हापासून दिसलेला नाही.

प्लसच्या बाजूचे ०.४ मात्र अजून तसेच आहेत, आणि त्याचं कारण वायर. किटमधल्या वायरची एक तार ब्लेडने खरवडली तर तांब्याचा रंग निघून आत पांढरी निघाली. म्हणजे ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या वायरच्या दीडपटीपेक्षा जास्त रेझिस्टन्स असतो याचा. ३०० वॅटला चालून जातं, पण मोठा ॲम्प लावायचा विचार असेल तर वायरवर काटकसर करू नका. बॅटरीजवळचा फ्यूजही बघून घ्या, तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण तो ॲम्प वाचवायला नसतोच, मधे कुठे वायर सोलून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून असतो.

दुसरं, इंजिन चालू केलं की सबमधून बारीक शिट्टी, ॲक्सिलरेटर दिला की चढणारी. अल्टरनेटर व्हाइन, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमधून येणं. आता सबमधून शिट्टी ऐकू येते हेच मुळात विचित्र, कारण सबने ८० हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवायलाच नको. ॲम्पवर बघितलं तर फिल्टरचा स्विच फुलवर, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा, ठेवलेला! गाणाऱ्याचा आवाजही डिक्कीतून येत होता तो त्यामुळेच. एलपीएफ (फक्त खालचा बेस जाऊ देणारा फिल्टर) करून ८० वर आणला तर शिट्टी गायब, पण ती लपली होती, गेली नव्हती, कारण फुलवर टाकून बघितलं की परत यायची. अर्थिंग दुरुस्त केल्यावर फुलवरही जवळजवळ शून्य झाली. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, कंपनीच्या स्टिरिओत स्पीकरची मायनस वायर म्हणजे बॉडी अर्थ नसते. प्लस आणि मायनस दोन्हींवर बॉडीच्या हिशोबाने साधारण ६ व्होल्ट असतात. कुणी 'मायनस आहे ना, मग बॉडीला लाव' म्हणाला तर त्याला गाडीपासून लांब ठेवा, स्टिरिओचा आउटपुट आयसी जाऊ शकतो.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त सतावत होता. हळू आवाजात बेस मस्त, भरीव, आणि व्हॉल्यूम वाढवला की बेस वाढायच्या ऐवजी पातळ. ॲम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) वाढवून बघितला, बेस बूस्ट वाढवून बघितला, मग हळू आवाजात नुसतं घुमायला लागलं आणि जोरात परत तेच. यात ॲम्पचा काही संबंध नाही. गाडीबरोबर येणारे दारातले स्पीकर साधे असतात, जास्त बेसने फाटू नयेत म्हणून बरेच कंपनी स्टिरिओ आवाज वाढेल तसा खालचा बेस स्वतःहून कापत जातात. आणि आपण सिग्नल घेतोय त्याच स्पीकरच्या वायरवरून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तुमच्या गाडीत असं होतंय का ते बघायचं असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून टॅप केलेल्या स्पीकरच्या दोन वायरींवर लावा. आधी ५० हर्ट्झचा टोन, मग २०० चा, व्हॉल्यूम दोन दोन पायऱ्यांनी वाढवत आकडे लिहून काढा. वरच्या फ्रिक्वेन्सीवर साध्या मीटरचा भरवसा नसतो म्हणून २०० च्या वर जाऊ नका. माझ्याकडे ३० पैकी १८ पर्यंत दोन्ही बरोबरीने चढले, त्यानंतर २०० चढत राहिला आणि ५० तिथेच अडकला. स्टिरिओच्या मेनूत स्पीडनुसार आवाज वाढवणारा ऑप्शन असतो तो आणि लाउडनेस (हळू आवाजात बेस वाढवणारा) दोन्ही आधी बंद करा, नाहीतर आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मधे बेस परत भरून काढणारा लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरीचा सिग्नल ॲम्पला चालेल असा करून देणारा डबा) किंवा डीएसपी (सिग्नल डिजिटली सुधारणारा डबा) लावायचा, ऑडिओकंट्रोलच्या एलसी२आयमध्ये ॲक्यूबेस म्हणून याच कामाची सोय आहे. मी दुसरा घेतला, फुकटचा. १८ हीच हद्द मानली आणि सगळं सेटिंग त्यावर केलं. सबची वायर काढून, इक्वलायझर फ्लॅट करून, बेस बूस्ट शून्य ठेवून, ५० हर्ट्झचा टोन १८ वर लावला आणि ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन फिरवला. किती व्होल्ट हवेत ते वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ, ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ साधारण २४.५. मी २२ वरच थांबलो, कारण आवाज फाटतोय का हे मीटरला कळत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. गेन हा व्हॉल्यूम नसतो हे सगळेच सांगतात, पण असं मोजून लावला की ते खरं कळतं. आता १८ च्या खाली बेस पूर्ण मिळतो आणि १८ च्या वर बंद काचांच्या गाडीत बसवत नाही, त्यामुळे माझं काही अडत नाही. काचा खाली करून मोठ्याने ऐकणाऱ्यांना मात्र हा जुगाड पुरणार नाही, त्यांनी डीएसपीच घ्यावा.

बॅटरीचा किस्सा थोडक्यात. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता कुथायचा. रिमोटची वायर (ॲम्पला चालू व्हायचा इशारा देणारी) किल्ली काढल्यावरही करंट असलेल्या फ्यूजवरून घेतलेली, त्यामुळे ॲम्प रात्रंदिवस जागा. नुसता जागा असला तरी ०.८ अँपिअर खात होता, म्हणजे ४५ अँपिअर-तासाची बॅटरी ५६ तासांत पूर्ण रिकामी, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. फ्यूज टॅप घालून रिमोट एसीसी फ्यूजवर (किल्ली फिरवल्यावरच करंट येतो तो) घेतला, प्रश्न मिटला. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या वायरमध्ये मीटर सिरीजमध्ये लावून करंट मोजला तर ५० मिलीअँपिअरच्या आत असायला हवं. मीटर असा सिरीजमध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आता आवाजाबद्दल. सील्ड बॉक्स आहे त्यामुळे अंग थरथरवणारा बेस नाही, पण ढोलकी, तबल्याचा बायाँ, बेस गिटार एकदम सुटं सुटं ऐकू येतं. फेजचा (सबचा सिग्नल सरळ म्हणजे ० किंवा उलटा म्हणजे १८० करणारा) स्विच ड्रायव्हरच्या सीटवर बसून दोन्हीकडे करून बघा, माझ्या गाडीत १८० वर जास्त भरीव लागतो. नंबर प्लेट आणि मागचा ट्रे खडखडत होते, फोमची टेप लावली. ॲम्प आधी बॉक्सवरच स्क्रूने बसवला होता, थरथरीने त्याच्या टर्मिनलचे स्क्रू ढिले व्हायचे, म्हणून काढून सीटच्या पाठीला लावलाय. स्टेपनी काढायची तर बॉक्स उचलावा लागतो, तेवढा त्रास आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रिमोट एसीसीवर असल्यामुळे स्टार्टर फिरताना ॲम्प क्षणभर बंद होऊन परत चालू होतो आणि डिक्कीतून एक 'धप्' येतो. ॲम्पला ऑटो सेन्सचा (स्टिरिओ चालू झाला की ॲम्प आपोआप चालू करणारा) स्विच आहे, त्यावर टाकलं की हा आवाज जातो, पण मग गाडी लॉक केल्यावरही स्टिरिओ झोपेपर्यंत ॲम्प बराच वेळ चालू राहतो, आणि बॅटरीचा एवढा उद्योग केल्यावर मला ते नकोय. डिले रिले (रिमोटला थोडा उशिराने करंट देणारा) लावून जाईल असं दिसतंय, लावला की खाली लिहीन.