पितळी सोऱ्या: नवा घ्यावा की माळ्यावरचा काढावा?

निकाल आधीच सांगून टाकू. घरात आजीच्या वेळचा पितळी सोऱ्या, म्हणजे चकली-शेव पाडायचा साचा, असेल आणि त्याचे आटे (झाकणाचे पेच) शाबूत असतील, तर दिवाळीसाठी नवा घेऊ नका. नसेल तर फिरकीचा, म्हणजे मूठ फिरवून पीठ पाडायचा, पितळी घ्या, पण दुकानात उभं राहून पाच मिनिटं तपासूनच. पुण्यात तुळशीबागेत घ्या नाहीतर गावच्या भांडी बाजारात, तपासणी तीच.

पहिल्यांदा दट्ट्या नळ्यात उतरवून बघा. कडेला नख शिरेल एवढी फट असली, तर पीठ खाली उतरायचं सोडून दट्ट्यावर चढतं, दांडा जड होतो आणि बोल मात्र भाजणीला लागतो. मग झाकणाचे आटे फिरवा, करकरले तर दुसरा मागा. चकतीवरून बोट फिरवा. चांदणीचे कोपरे टोचले पाहिजेत, बोथट असतील तर चकलीला काटा सुटत नाही. पातळ चकती घट्ट पिठाच्या दाबाने फुगते, तीही नको. वजन किलोभर तरी हवं. हलक्या सोऱ्याची मूठ खिळ्यापाशी लवकर ढिली होते.

दाबाचा सोऱ्या, म्हणजे दट्ट्या हातांनी सरळ दाबायचा, शेवेला सरस. कढईवर धरून झरझर घाणा पडतो, तर फिरकीने दुसरा वेढा पडेपर्यंत पहिला लाल होतो. चकल्यांना मात्र फिरकीच बरी. दाबाच्याला दोन्ही मनगटांचं बळ लागतं, फिरकी आठ वर्षांचं पोरही फिरवतं. फराळाला सगळं घर बसवायचं तर हा गुण मोठा: एकाने फिरवायचं, दुसऱ्याने पालथ्या ताटावर तीन वेढे घालून शेवटचं टोक चिकटवायचं, तळणाऱ्याने तिथूनच ओरडायचं.

पीठ भरताना नळ्याला आतून तेलाचा हात लावा. गोळा वरवंट्यासारखा लांबट वळून एका दमात सारा, तुकडे कोंबले तर मध्ये हवा अडकते आणि फट्कन तार तुटते. वर दोन बोटं जागा ठेवा. उकड दोन वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी आणि दोन मोठे चमचे मोहन अशी, अर्धा तास झाकून, मग कोमट पाण्याच्या हाताने मळलेली. पाडतानाच तार तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळा. काटे आडवे पडले तर पीठ सैल झालंय. इथे सोऱ्या बदलून काही होत नाही. नव्या सोऱ्यातून पहिलं मूठभर पीठ पाडून टाकून द्या, पॉलिशचा काळा अंश त्यात निघून जातो.

आता पितळेची खोड. चकलीच्या पिठाला आंबटपणा नसतो, त्यामुळे कल्हई (आतून कथलाचा थर) नसली तरी चालतं, फक्त पीठ आत रात्रभर ठेवायचं नाही. कुरडयांची गोष्ट वेगळी. भिजवलेल्या गव्हाचा चीक आंबलेला असतो, तो पितळेत कळकतो, म्हणजे धातू उतरून खराब होतो. कुरडयाही त्यातच पाडायच्या असतील तर आतून कल्हई करून घ्या आणि गरम चीक भरल्यावर नळा फडक्याने धरा, चटका बसतो.

धुताना कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. भोकांत अडकलेलं पीठ खराट्याच्या काडीने काढा. सुई नको, पितळ मऊ, चांदणीची कड जाते. आट्यांत ओल राहिली की हिरवट काट चढतो, म्हणून कोरडं करून तेलाचा थेंब सोडायचा आणि झाकण सैल ठेवून माळ्यावर टाकायचं.

जुन्या सोऱ्याची चकती हरवली असेल तर बाजारातली सहसा बसत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत किंवा गावातल्या तांबटाकडे सोऱ्याच घेऊन जा, कागदावरचं माप चालत नाही. काम देताना मशीनवर घासून चकचकीत करू नका, असं मात्र बजावून सांगा. रुखवतातल्या सोऱ्यावर देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख बारीक ठिपक्यांनी कोरलेली असते, दोन-तीनदा मशीनवर गेली की ती पुसट होते. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी एवढ्यावर पितळ उजळतं, अक्षरंही राहतात.