पोल्ट्री लॅबचा रिव्ह्यू: पीएम, कल्चर, पीसीआर. ब्रॉयलरवाल्यांनी नक्की वाचा

थंडीत रात्री शेडचे लाईट बंद करून दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की आजारी पक्ष्यांच्या श्वासाची जी खुरखुर ऐकू येते, ती ज्यांना माहितीये त्यांच्यासाठी लिहितोय. नाशिकला एक प्रायव्हेट पोल्ट्री लॅब आहे, निफाड सिन्नरकडची बरीच मंडळी तिथे जातात, आम्ही पण बऱ्याच लॉटपासून (पक्ष्यांच्या बॅचपासून) जातोय. नाव टाकत नाही कारण जाहिरात करायची नाहीये आणि खाली दोन तक्रारी पण आहेत.

सगळ्यात भारी काम म्हणजे पीएमचं (पोस्टमॉर्टमचं) टेबल. लॅबच्या मॅडम पक्षी उघडतात तेव्हा तुम्हाला बाहेर बाकड्यावर बसवत नाहीत, शेजारी उभं करून दाखवतात. चांगल्या पक्ष्याच्या हवेच्या पिशव्या पातळ प्लास्टिकच्या कागदासारख्या आरपार दिसतात. आमच्या पक्ष्यात त्या दुधाळ झालेल्या, आत पिवळे घट्ट गोळे, आणि काळीज आणि हृदयावर पांढरट थर जो चिमट्याने ओढला की सोलून येतो. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की मग फोनवर कुणी "सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार) आहे, अमुक बाटली सोडा" म्हणलं तर माणूस आपोआप दोन प्रश्न विचारतो.

मॅडमनी जे समजावलं ते मला इथे लिहायचंच होतं कारण आपल्याकडे सगळा घोळ इथेच होतो. तो थर दिसला की आपण म्हणतो ई कोलाय जंतू, आणि ते खरं पण असतं, पण ई कोलाय कोंबडीच्या आतड्यात कायमच असतो, लिटरमध्ये (खाली पसरलेल्या तुसात) असतो, धुळीत असतो, धडधाकट पक्ष्याला तो एकटा सहसा एवढं करत नाही. त्याला दार कुणीतरी आधी उघडून दिलेलं असतं. ते मायकोप्लाझ्मा (सीआरडी करणारा जंतू) असेल, आयबी (श्वसनाचा व्हायरस) असेल, लासोटाची (राणीखेतच्या लसीची) रिॲक्शन असेल, नाहीतर थंडीमुळे पडदे गच्च बंद ठेवले आणि ओल्या तुसाचा अमोनिया डोळ्याला झोंबायला लागला, त्याने श्वासनलिकेतली धूळ बाहेर ढकलणारी बारीक केसं मरतात आणि मग धुळीबरोबर ई कोलाय सरळ आत. सीआरडीचा सीसीआरडी (गुंतागुंतीचा सीआरडी) असा होतो. गंबोरो (हा पण व्हायरस) येऊन गेला असेल तर बर्सा, म्हणजे प्रतिकारशक्ती तयार करणारा अवयवच खराब, प्रतिकारशक्तीच खाली, मग काहीही चढतं. आतड्यात पण तेच, आधी कॉक्सी (आतड्यातला परजीवी) आतडं सोलते मग त्यावर क्लॉस्ट्रिडियम जंतू बसतो. म्हणजे मरतूक एकाच्या नावावर दिसते पण आत दोन तीन जण असतात, आणि औषध फक्त शेवटच्याला दिलं तर पक्षी चार दिवस बरा वाटतो आणि परत खुरखुर चालू.

कल्चर सेन्सिटिव्हिटीची (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायची) प्लेट पण मागितली तर दाखवतात, हे मला फार आवडलं. प्लेटवर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवलेल्या असतात, जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती मोकळं गोल वर्तुळ दिसतं. आमच्या एका लॉटला एन्रोच्या (एन्रोफ्लॉक्सॅसिन अँटिबायोटिकच्या) चकतीला चिकटून जंतू वाढलेले होते, वर्तुळच नाही. आणि तेच औषध एका दुकानातून आम्हाला "स्ट्राँग आहे" म्हणून डबल डोसने देत होते! कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं पण तसंच, २०१९ च्या जुलैमध्ये केंद्राने जनावरं आणि पोल्ट्रीसाठी त्याची विक्री बंद केली कारण माणसाला दुसरं काहीच लागू होत नाही तेव्हा डॉक्टर ते वापरतात, तरी कुणीकुणी अजून विचारतात. लॅबने ते द्यायला स्पष्ट नकार दिला, यासाठी एक स्टार जास्त.

आता तक्रार. साध्या कल्चरमध्ये मायकोप्लाझ्मा दिसत नाही, त्याला वेगळं खाद्य लागतं आणि वाढायलाही फार वेळ घेतो, म्हणून पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) नाहीतर रक्ताची प्लेट टेस्ट वेगळी सांगावी लागते. काउंटरवरचा पोरगा हे विचारतच नाही, फॉर्मवर टिक नसेल तर फक्त कल्चर करून पाठवतात. मग रिपोर्टवर एकटा ई कोलाय येतो, समोर अमोक्सिसिलिन चालतंय असं दिसतं आणि आपण ते देतो, आणि मायकोप्लाझ्माला तर पेशीची भिंतच नसते, त्यामुळे अमोक्सिसिलिनचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट गिऱ्हाईकावर सोडायला नको. दुसरं म्हणजे रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत आणि शॉर्टफॉर्ममध्ये, शेडवर काम करणाऱ्याला काय कळणार, खाली दोन ओळी मराठीत टाकायला काय जातंय.

पण मॅडमना फोन केला की समजावून सांगतात आणि औषध सांगायच्या आधी खाद्याच्या गोणीवरचं लेबल वाचून दाखवायला लावतात. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (कॉक्सीवरची औषधं) असेल आणि वरून पाण्यातून टियाम्युलिन (मायकोप्लाझ्मावरचं अँटिबायोटिक) दिलं तर पक्षी पायावर बसतो आणि मरतो, हे कुणी सांगत नाही हो. पाणी पण तपासून घ्या तिथेच, बोअरचं जड पाणी असलं की एन्रो आणि डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) त्यातल्या कॅल्शियमला बांधले जातात आणि अर्धं औषध वाया.

रिपोर्टला दोन तीन दिवस जातातच, जंतू वाढायला वेळ लागतो, त्यात लॅबची चूक नाही. तोवर वरच्या बाजूने पडदे थोडे खाली करून हवा खेळती करा, ओलं लिटर काढा, नुसतं त्यानेच खुरखुर बरीच कमी होते.

एका दिवसात अचानक ढिगाने पक्षी मेले, तुरे निळे पडले तर मात्र इथे नेऊच नका, काहीच हलवू नका, सरकारी पशुवैद्यकाला फोन करा. पुढे पुण्यातली औंधची सरकारी लॅब आणि भोपाळची केंद्राची लॅब हे त्यांचं काम. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते आपल्या लोकांनी बघितलंय.

नमुना नेताना मेलेल्यापेक्षा आजारी पण जिवंत पक्षी न्या, तोही औषध सुरू करायच्या आधीचा. मेलेला असेल तर काही तासांच्या आत, बर्फावर ठेवून, फ्रीझरमध्ये गोठवू नका. लॅबमधून आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय शेडमध्ये शिरू नका, क्रेट तिथेच टाकून आलात तर उत्तम, तिथे दिवसभर सगळ्या तालुक्यांचे आजारी पक्षी येत असतात. आणि शनिवारी दुपारनंतर देऊ नका, रविवारी बंद असते, नमुना सोमवारपर्यंत तसाच पडतो.