एचए की डीआर? दुसरा सर्व्हर कुठे ठेवायचा, हे ठरवताना

दोन सर्व्हर घेतले की सगळं सांभाळलं जातं, असं धरून चालणारे लोक मला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून होटगी रोडच्या हॉस्पिटलांपर्यंत भेटतात. कोटेशनमध्ये ‘एचए’ आणि ‘डीआर’ शेजारीशेजारी छापलेले असतात, दोन्हींचा अर्थ ‘बंद पडत नाही’ असाच वाटतो आणि शेवटी निर्णय होतो तो किमतीवर. खरं तर ही दोन वेगळ्या संकटांची औषधं आहेत.

एचए, म्हणजे हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी, हे सुटा भाग बिघडण्यावरचं उत्तर: डिस्क गेली, पॉवर सप्लाय जळाला, मदरबोर्ड बसला. दोन सर्व्हर एकमेकांना सतत ‘मी चालू आहे’ असा निरोप धाडत राहतात, तो हार्टबीट. निरोप थांबला की दुसरा काम हातात घेतो, तो फेलओव्हर. यात काही सेकंद ते दोन-चार मिनिटं जातात. कोटेशनमधले ‘नऊ’ इथे मोजून घ्या. ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षाला जवळपास पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. एकेका नऊचा भाव वेगळा.

डीआर, म्हणजे डिझास्टर रिकव्हरी, हे अख्खी खोली किंवा इमारत हातची जाण्यावरचं उत्तर. सर्व्हर आणि डेटाची दुसरी प्रत लांब ठेवायची आणि वेळ आली की तिकडून काम सुरू करायचं. तिकडचं काम माणसाने सुरू न करता आपोआप, जवळजवळ खंड न पडता चालू राहिलं, तर ते डिझास्टर टॉलरन्स. ते सगळ्यात महाग.

एका हॉस्पिटलात मी पाहिलेली गोष्ट अजून टोचते. क्लस्टर, म्हणजे एकमेकांना सांभाळणारी सर्व्हरची जोडी, उत्तम बसवलेला, पण दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर. मे महिन्यातल्या दुपारी यूपीएसने दम तोडला आणि दोन्ही एकदम गेले. केसपेपर हाताने लिहायची वेळ आली. ज्या एका वस्तूवर सगळं लटकतं तिला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सोलापूरच्या उन्हात यूपीएसइतकाच एसीही त्यात मोजा.

लांब म्हणजे किती लांब? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. ते गाव इथून शंभर किलोमीटरच्याही आत आहे. त्यामुळे दुसरी प्रत सात रस्त्याजवळच्या दुसऱ्या ऑफिसात ठेवली तर आगीपासून सुटका होईल, भूकंपापासून होईलच असं नाही. पुणे किंवा हैदराबाद बरं.

पण अंतराचीही किंमत असते. पुणे सुमारे २५० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायला अडीच मिलिसेकंद. सिंक्रोनस पद्धतीत पलीकडून ‘लिहिलं’ असा होकार आल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. बिलिंगमध्ये एकामागून एक ४०० नोंदी होत असतील, तर निव्वळ वाट पाहण्यात एक सेकंद गेला. ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमचे क्लस्टर ८०० किलोमीटरपर्यंत पसरवता येतात, तेव्हा अशक्य काही नाही. पण तशी लाइन आपल्याकडच्या मध्यम धंद्याला पेलत नाही. असिंक्रोनस पद्धतीत इथलं काम थांबत नाही, प्रत थोडी मागून पोचते. मधल्या काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या नोंदी गमवायची तयारी मात्र ठेवावी लागते.

किती गमावलेलं चालेल, तो आरपीओ. किती वेळात पुन्हा सुरू झालं पाहिजे, तो आरटीओ (गाड्यांच्या पासिंगचा नव्हे). व्हेंडरला बोलावण्याआधी हे दोन आकडे कागदावर लिहा. बाकी सगळे शब्द त्यांच्या मागून येतात.

क्वोरमबद्दल, म्हणजे कोणी चालू राहायचं हे ठरवणाऱ्या बहुमताबद्दल, मात्र आग्रहाने विचारा. दोन सर्व्हरमधली केबल तुटली तर प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आणि दोघंही एकाच डेटावर लिहायला लागतात. हा स्प्लिट ब्रेन. नुसत्या बंद पडण्यापेक्षा तो कितीतरी वाईट, कारण डेटाच बिघडतो. म्हणून तिसरं मत लागतं, एखादं छोटं साक्षीदार मशीन. ज्याच्याकडे बहुमत तोच चालणार आणि दुसऱ्याची वीज तोडली जाणार. त्या वीज तोडण्याला फेन्सिंग म्हणतात. कोटेशनमध्ये या दोन गोष्टी नसतील तर सही करू नका.

आणि प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद पुण्यातही तितक्याच इमानाने पुसली जाते. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तेच. रोजचा, नेटवर्कपासून तोडलेला बॅकअप दोन्ही पर्यायांत लागतोच.

माझं मत विचाराल तर टॉवेल-चादरीच्या युनिटला क्लस्टरची गरज नाही. अर्धा दिवस चलन हाताने फाडता येतं. चांगला बॅकअप, त्याची एक प्रत गावाबाहेर आणि एक जादा सर्व्हर पुरे. पेशंट दाखल करणाऱ्या हॉस्पिटलने आधी इथे एचए करावं, दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या यूपीएसवर. मग पुण्याला असिंक्रोनस प्रत. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर सुटे भाग पटकन मिळणाऱ्याने डीआर आधी घ्यावा. डिस्क दुसऱ्या दिवशी येते, गेलेला डेटा येत नाही.

काहीही घेतलंत तरी पैसे चुकते करण्याआधी, कामाच्या वेळेत, व्हेंडरच्या समोर चालू सर्व्हरची वायर ओढायला लावा आणि घड्याळ लावून बसा.