पेट्सी: बोलकी लायब्ररी, एका जागी मात्र गप्प

विक्रोळीच्या ऑफिसात मी बोगद्यांची फायनाइट एलिमेंट मॉडेलं चालवते, म्हणजे खडकाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून त्यांना जोडणारे बिंदू (नोड) किती सरकतात ते काढते. स्टिफनेस मॅट्रिक्स, म्हणजे नोड एकमेकांना किती ताठ बांधलेत त्याचा मोठा तक्ता, अनेक प्रोसेसवर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतींवर) वाटून जुळवायला पेट्सी (PETSc) वापरते. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेची ही गणिती कोडची लायब्ररी, फुकट आणि खुली.

गेल्या पावसाळ्यात बेसॉल्टमधल्या जुळ्या बोगद्यांचं मॉडेल एका प्रोसेसवर नीट चालायचं. चारवर टाकलं की प्रोसेसना वाटून दिलेल्या भागांच्या सीमेवर खडक चिखलासारखा खचायचा, आणि एरर एकही नाही! तीन रात्री मी उगाच सॉल्व्हर (समीकरणं सोडवायची पद्धत) बदलत बसले. मग मुलुंडला परतताना लोकलमध्ये उभ्याउभ्या सुचलं: बाउंडरी कंडिशन लावण्याआधी, म्हणजे कडेचे नोड बांधण्याआधी, या मॅट्रिक्सला 'सगळे नोड सारखेच सरकले' अशा व्हेक्टरने गुणलं तर उत्तर शून्य यायला हवं. घरी येऊन गुणलं. शून्य नव्हतं, आणि चुकलेल्या ओळी नेमक्या सीमेवरच्या.

घोस्ट नोड म्हणजे शेजारच्या प्रोसेसचे, पण सीमेवर आपल्यालाही लागणारे नोड. त्यांच्या लोकल-ग्लोबल नकाशात (प्रोसेसमधला क्रमांक आणि पूर्ण मॉडेलमधला क्रमांक यांच्या यादीत) काही नोड भरायचे राहिले होते, तिथे -१ होता. मॅट्रिक्समध्ये नोंदी भरणारं पेट्सीचं फंक्शन मॅटसेटव्हॅल्यूज ऋण क्रमांक काही न बोलता सोडून देतं. मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट लिहिलंय, आणि बांधलेले नोड वगळायला सोयीचंही आहे. चूक माझ्याच कोडची. तरी किती नोंदी सोडल्या, एवढा आकडा डीबग बिल्डने (चुका शोधायला जास्त तपासण्या करणाऱ्या आवृत्तीने) दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

बाकी डीबग बिल्ड संथ असलं तरी फार प्रामाणिक आहे. क्रमांक मॅट्रिक्सबाहेर गेला किंवा मध्ये असेंब्ली (भरलेल्या नोंदी जुळवून पक्क्या करणं) न करता इन्सर्ट (नोंद बदलणं) आणि अ‍ॅड (नोंदीत मिळवणं) मिसळले, की थांबतं आणि कुठल्या फंक्शनमध्ये ते सांगतं. स्टार्ट-इन-डीबगर पर्यायाने प्रत्येक प्रोसेसला वेगळा डीबगर मिळतो. चार प्रोसेसला छान, चौसष्टला नको. २०२३ च्या ३.१९ आवृत्तीपासून प्रीअलोकेशन (कुठल्या ओळीला किती जागा लागेल ते आधीच सांगणं) न देताही असेंब्ली वेगाने होते. प्रत्येक ओळीतल्या शून्येतर नोंदी मोजण्यात माझे किती शनिवार गेलेत!

आता नवीन एलिमेंट लिहिलं की आधी आठ एलिमेंटांची पट्टी एका आणि दोन प्रोसेसवर चालवते आणि दोन्ही मॅट्रिक्सचा फ्रोबेनियस नॉर्म (सगळ्या नोंदींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ताडून बघते. नोडांचे क्रमांक बदलले तरी तो बदलत नाही. बेरजेचा क्रम बदलल्यामुळे शेवटचे एक-दोन अंक हलतात, त्याला घाबरत नाही. तिसऱ्याच अंकात फरक दिसला तर आधी नकाशात -१ शोधते.