वजनाचं इंजेक्शन: घरची पॉलिसी, ऑफिसची पॉलिसी, ऑपरेशन की स्वतःचा खिसा?

परवा मावसबहीण आली ती प्लॅस्टिकची फाइल हातात घेऊनच. आत मौंजारो या वजनाच्या इंजेक्शनची चार महिन्यांची केमिस्टची बिलं होती. पहिलं १४,०००चं, पुढची तीन साडेसतरा-साडेसतरा हजारांची. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि विमा कंपनीचं एकपानी पत्र. पत्रात ठळक अक्षरांत एवढंच: ‘एक्सक्लूजन कोड ०६, लठ्ठपणा/वजन नियंत्रण’. चहाचं आधण ठेवायच्या आत तिनं विचारलं, “दादा, दहा लाखांची पॉलिसी आहे ना माझी? मग सहासष्ट हजार द्यायला यांना काय झालं?”

विम्याचीच कामं करत असल्यामुळे हा प्रश्न मला आता आठवड्यातून दोनदा तरी येतो. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, जूनमध्ये वेगोवी आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक. तेव्हापासून लोकांचा समज झालाय की चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणजे विम्यात बसणारं औषध.

आधी त्या पत्राबद्दल. नकार बरोबर होता, पण दिलेलं कारण धड नव्हतं. विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे वगळणुकीचे कोड ठरवून दिले. त्यातला ०६ आहे वजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल. त्यात इंजेक्शनचा शब्दही नाही. बिलं नाकारली जाण्याचं खरं कारण पॉलिसीच्या सुरुवातीच्या पानांवर, व्याख्यांमध्ये सापडतं: खर्च हॉस्पिटलात दाखल होऊन झालेला हवा, साधारण २४ तास तरी. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी रोगाकडे बघत नाही, खाटेकडे बघते. फ्रिजमधून पेन काढून दर रविवारी पोटाला टोचण्यात खाट कुठेच येत नाही.

घरची पॉलिसी विरुद्ध ऑफिसची पॉलिसी

इंजेक्शनापुरतं बोलायचं तर घरच्या पॉलिसीकडून शून्य धरून चाला. विमा रक्कम पाच लाखांवरून पंचवीस लाख केलीत तरी शून्यच. ‘मौंजारोसाठी कोणती पॉलिसी घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो, यासाठी घेऊ नका. एखादा एजंट ओपीडी रायडर (दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठी पॉलिसीला जोडायचं जादा कवच) सुचवेल. त्याचा वर्षाचा जादा प्रीमियम आणि वर्षाची मर्यादा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. मर्यादा बहुधा पाच, दहा, फार तर पंधरा-वीस हजारांची असते. एवढ्यात फार तर एक महिना निघतो. शिवाय काही रायडर फक्त डॉक्टरांची फी आणि तपासण्या देतात, औषधं देतच नाहीत.

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत थोडी आशा असते. तिथे वेटिंग पिरियड (ठरावीक उपचारांच्या क्लेमसाठी थांबायची मुदत) अनेकदा माफ असतो आणि काही मोठ्या कंपन्यांनी ओपीडीसाठी वेगळी रक्कम ठेवलेली असते. पण एचआरला “वजनाचं इंजेक्शन चालतं का?” असं विचारलंत तर उत्तर “नाही” येणार. विचारायचं असं: ओपीडीत चिठ्ठीवरची औषधं धरतात का? धरत असतील तर वजन नियंत्रणाची औषधं वेगळी वगळली आहेत का? आणि मधुमेहासाठी दिलेलं टिरझेपाटाइड, म्हणजे मौंजारोतलं औषध, चालतं का? उत्तर ईमेलवर मागा. तोंडी ‘हो’चा क्लेम होत नाही.

तो तिसरा प्रश्न महत्त्वाचा. मौंजारोला भारतात टाइप २ मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी मान्यता आहे. ज्याला खरोखर मधुमेह आहे त्याची ओपीडीची वाट बरीच सोपी होते. इथेच लोकांना एक युक्ती सुचते: डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर मधुमेह लिहून घ्यायचा. कृपा करून हे करू नका. खोट्या क्लेमचा धोका तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो मधुमेह कागदावर राहतो. पुढे नोकरी सुटली, घरची नवी पॉलिसी घ्यायला गेलात की तोच जुना आजार म्हणून उभा राहतो: जादा प्रीमियम, नाहीतर तीन वर्षांपर्यंत थांबा. दहा हजारांच्या ओपीडीपायी कुठलं दुखणं अंगावर ओढून घ्यायचं!

‘एक रात्र ॲडमिट दाखवू’ म्हणणारेही भेटतात. त्यांच्याबद्दल काय बोलायचं?

इंजेक्शन विरुद्ध शस्त्रक्रिया

खरी तुलना इथे आहे, कारण विमा जठराच्या ऑपरेशनला लाखो रुपये देतो आणि त्याच वजनासाठीच्या औषधाला दमडी देत नाही. पण ऑपरेशनचंही दार सगळ्यांना उघडं नाही. कोड ०६ च्या अटी अशा: वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय संकेतांना धरून शस्त्रक्रिया आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा वर. बीएमआय ३५ किंवा वर असेल तर सोबत चारपैकी एक आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. आणि आधी सौम्य उपाय करून ते फसलेले हवेत. यादीत गुडघे नाहीत, पीसीओडी नाही, थायरॉइड नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या याच तीन तक्रारी घेऊन येतात.

आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीची बाई धरू. औषधाच्या लेबलनुसार ती ७७ किलोला (बीएमआय ३०) पात्र होते. रक्तदाबासारखा एखादा वजनाशी निगडित आजार असेल तर ६९ किलोलाच (बीएमआय २७). विम्यातून ऑपरेशन हवं तर वजन ९० किलो आणि यादीतला आजार, नाहीतर १०२ किलोच्या वर. मधला सगळा पट्टा डॉक्टरांच्या हिशेबी रुग्णांचा आहे आणि विम्याच्या हिशेबी कुणाचाच नाही. बहुतेक माणसं नेमकी याच पट्ट्यात असतात.

त्यात आणखी एक गंमत. बीएमआय ३६ असलेल्या मधुमेही माणसानं आधी इंजेक्शन घेतलं आणि उपयोग झाला नाही, तर तीच बिलं आणि महिन्या-महिन्याच्या वजनाच्या नोंदी ‘सौम्य उपाय फसले’ याचा पुरावा ठरू शकतात. जपून ठेवा. पण इंजेक्शनानं अर्धवट काम केलं, बीएमआय ३३ वर आला आणि मग खर्च झेपेना म्हणून औषध सोडलं, तर ऑपरेशनची पात्रताही गेलेली असते. म्हणून बीएमआय पस्तीसच्या काठावर असेल तर पहिलं पेन विकत घेण्याआधी सर्जनला एकदा भेटा आणि पॉलिसीतला बॅरिएट्रिकचा, म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियेचा, वेटिंग पिरियड बघा. तो दोन-तीन वर्षांचा असू शकतो.

ऑपरेशन एकदाच होतं. (पुढची आयुष्यभराची जीवनसत्त्वं आणि तपासण्या मात्र तुमच्या.) क्लेममध्ये दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांची औषधं व तपासण्याही बसतात. इंजेक्शनचं तसं नाही. सेमाग्लुटाइडच्या (वेगोवी-ओझेम्पिकमधलं औषध) एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे खर्चाला शेवटची तारीख नाही. तरीही मी कुणाला ‘पैसे मिळतात म्हणून ऑपरेशन करा’ असं म्हणणार नाही. पोट कापायचा निर्णय विम्याच्या कलमावरून घ्यायचा नसतो.

ऑपरेशनचा क्लेम अटी पूर्ण असून नाकारला तर मात्र गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. इंजेक्शनच्या बिलांसाठी तिथे जाऊन चप्पल झिजवण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीचा आतेभाऊ

“आमच्याकडे तर इन्शुरन्स देतो,” असं सांगणारा एक जण प्रत्येक घरात असतो. खरं आहे, पण अर्धं. तिकडे औषधांसाठी वेगळं कवच असतं आणि वजनाची औषधं त्यात घ्यायची की नाही हे बऱ्याचदा नोकरी देणारी कंपनी ठरवते. घेतली तरी आधी मंजुरी लागते आणि मंजूर औषधांची यादी बदलत राहते. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सीव्हीएस केअरमार्क या औषधांचं कवच सांभाळणाऱ्या कंपनीनं आपल्या मुख्य यादीतून झेपबाउंड (वजनासाठीच्या टिरझेपाटाइडचं तिकडचं नाव) काढून वेगोवीला पसंती दिली. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, तर वजन कमी करण्याची औषधं कायद्यानंच वगळली होती. वेगोवीला मार्च २०२४ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी आणि झेपबाउंडला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, तेव्हा त्या निदानांपुरती वाट निघाली. तेव्हा भावाचं ऐकून इथल्या कंपनीशी भांडू नका. दोन्हीकडची विम्याची रचनाच निराळी.

स्वतःचा खिसा

बहुतेकांची गाडी शेवटी इथेच येते. मौंजारो बाजारात आलं त्या भावानं पहिला महिना अडीच मिलिग्रॅम आणि पुढे पाच मिलिग्रॅम धरलं तर वर्षाचे २,०६,५०० रुपये होतात. डोस वाढला की जास्त. वेगोवीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये भाव उतरवले: सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ वरून १०,८५०, सगळ्यात वरचा २६,०१५ वरून १६,४०० रुपये. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. तेव्हा जुन्या भावावर वर्षभराचा साठा करू नका. दर महिन्याला डॉक्टरांना आणि केमिस्टला भाव विचारा. घरात साठीपुढचे कुणी असतील आणि त्यांचा आरोग्य विमाच नसेल, तर जुन्या करप्रणालीत त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. रोखीनं दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, म्हणून यूपीआय किंवा कार्ड वापरा.

आणि घरच्या पॉलिसीचं नूतनीकरण चुकवू नका, ‘काही देत नाहीत’ म्हणून रागानं तर मुळीच नाही. नवी घ्यायला गेलात की अर्जात उंची, वजन आणि चालू औषधं विचारतात. चालू इंजेक्शन तिथे लपवू नका.

बहिणीची फाइल मी पुन्हा लावून दिली. सुरुवातीचं वजन ९१ होतं, आता ८४. मधुमेह नाही, गुडघे दुखतात. म्हणजे ऑपरेशनचा क्लेम तेव्हाही बसत नव्हता, आताही नाही. पण तिच्या नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडीचे १५,००० पडून आहेत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. एचआरला पाठवायचे ते तीन प्रश्न तिनं माझ्यासमोरच नवऱ्याला टाइप करायला लावले. चहा तोवर गार झाला होता.